टाळ्या आधी, व्याख्यान नंतर

पुण्याहून चाकण वीस मैलांवर आहे. एसटीने तिथे जायला दीड तास पुरतो. मला तीन दिवस लागले. या दिरंगाईचे कारण सांगायचे तर सुरुवात प्रकाशाच्या वेगापासून करावी लागते.

रशियाने आकाशात कृत्रिम चंद्र सोडला त्या हिवाळ्यातली ही गोष्ट. तोवर आमच्या दैनिकाचे वाचक बाजारभाव आणि राशिभविष्य यांवर समाधानी होते. चंद्र सुटल्यापासून ते वेगाबद्दल विचारू लागले. रॉकेट जलद की विमान, विमान जलद की आवाज, सगळ्यांत जलद कोण? कचेरीत इंटर सायन्सपर्यंत पोहोचलेला मी एकटाच होतो. त्या परीक्षेला मी दोनदा बसलो होतो. संपादकांच्या मते दोनदा बसलेल्याचा विषय अधिक पक्का असतो.

"चाकणला नवे हायस्कूल निघाले आहे," ते म्हणाले. "तिथे शनिवारी संध्याकाळी 'प्रकाशाहून वेगवान काही आहे काय?' या विषयावर व्याख्यान आहे. जा, आणि आहे की नाही ते अर्ध्या स्तंभात कळवा."

पिंपरी, शुक्रवार

व्याख्याते टेकचंद मास्तर चाकणचे नव्हते. ते पिंपरीच्या निर्वासितांच्या छावणीत राहत होते. पिंपरीला रेल्वेतून उतरले की एका अंगाला सरकारी औषधाचा नवा कारखाना दिसतो आणि दुसऱ्या अंगाला छावणीच्या बराकी. कारखान्याच्या बाजूला झाडे लावण्याचे काम चालू होते. बराकींच्या बाजूला ती आधीच वाळली होती.

टेकचंद मास्तर आपल्या बिस्किटांच्या टपरीवर नव्हते. टपरीवरच्या माणसाने बराक दाखवली. मास्तर उंच, किडकिडीत, घरातही कोटाची सगळी बटणे लावून बसलेले. फाळणीपूर्वी ते कराचीत शाळेत विज्ञान शिकवत. इथे आल्यापासून बिस्किटे विकतात.

"साईं, बसा," ते म्हणाले. "आधी पाणी घ्या, पापड घ्या."

सिंध्यांकडे पाहुणा आला की पाण्याबरोबर पापड येतो. आमच्या सदाशिव पेठेत आधी काम विचारतात, मग पाणी विचारतात. पापडाचा प्रश्न सहसा उद्भवत नाही. मी तीन पापड खाल्ले.

समोरची भिंत जमिनीपासून हात पोहोचेल तिथवर खडूने भरली होती. आकडे, बाण, वर्तुळे. मी तिच्याकडे बघतो आहे हे मास्तरांच्या पत्नीने पाहिले. छावणीत सगळे त्यांना भाभी म्हणतात.

"दहा साल झाले, हे या भिंतीला शिकवतात," त्या म्हणाल्या. "भिंत अजून पास नाही झाली."

"भाभी, चाकणला शिकवतील आता."

"ठेवलं तर. तिथला मास्तर दिवाळीला गावी गेला तो परत आलाच नाही. ह्यांनी अर्ज केला. कमिटी म्हणाली, आधी गावासमोर बोलून दाखवा, मग ठरवू." त्या थांबल्या आणि माझ्या पेन्सिलीकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही चांगलं लिहा हां."

मी चांगले लिहिण्याचे आश्वासन दिले. असे आश्वासन मी सगळ्यांनाच देतो.

मास्तरांनी भर दुपारी दार लोटले, कंदील पेटवला आणि त्याच्यासमोर बोट धरले. भिंतीवर वर्तुळांवरून एक जाड सावली उभी राहिली.

"बोट हलवतो. किती हललं? एक इंच. सावली? पाच फूट. एकाच वेळात! आता भिंत लांब न्या. कारखान्यापर्यंत न्या. मुंबईला न्या. चंद्रावर न्या! बोट तेच, इंच तोच, पण सावली चंद्राच्या या टोकापासून त्या टोकाला गेली. किती जलद? प्रकाशाहून जलद!"

मी ताठ बसलो. वीस वर्षांत मला बातमी समोरून चालत आलेली दिसली नव्हती.

"म्हणजे सावली प्रकाशाहून वेगवान?"

"लिहा!" मास्तर म्हणाले. "मोठ्या टाइपात छापता ना हो? मथळा लोकांना खेचणारा पाहिजे. बाकीचं व्याख्यानात येईलच. पण..."

त्या 'पण'पासून ते पुढे बराच वेळ बोलले. बोलताना त्यांचे डोळे माझ्यावरून घसरून भिंतीवर जात, कारण सवय तिची होती. तोवर भाभींनी कोकी, म्हणजे कांदा घातलेली जाड, खरपूस सिंधी रोटी, आणि दही आणले होते. मी पेन्सिल खिशात ठेवून कोकीकडे वळलो. 'पण'नंतर काय होते हे मला त्या दिवशी विचारले असते तर मी म्हटले असते, दही.

संध्याकाळी पुण्याला परतलो आणि व्याख्यानाची बातमी लिहून टाकली.

इथे बाहेरच्या वाचकाला एक गोष्ट सांगितली पाहिजे. बाहेरगावी जाणारी आमची डाक आवृत्ती आदल्या दिवशी दिवेलागणीच्या आत छापायला जाते. शनिवारी संध्याकाळच्या सभेची बातमी रविवारच्या डाकेत यायची असेल, तर ती सभेच्या आधीच लिहावी लागते. सगळीच दैनिके असे करतात. वक्त्याकडून सारांश घ्यायचा, 'काल सायंकाळी' असा आरंभ करायचा, शेवटी टाळ्या आणि आभार जोडायचे. आभार न मानणारा अध्यक्ष मी अजून पाहिलेला नाही. त्यामुळे ही पद्धत फारशी चुकत नाही.

मी मथळा दिला: 'सावली प्रकाशाहून वेगवान! चाकण येथे विद्वत्तापूर्ण व्याख्यान.' खाली सारांश. त्याखाली: 'श्रोत्यांनी टाळ्यांच्या कडकडाटात विवेचनाचे स्वागत केले. आजच्या विद्वान वक्त्यांनी गहन विषय सुगम करून आपल्या ग्रामस्थांना उपकृत केले, अशा समर्पक शब्दांत अध्यक्षांनी आभार मानले.' तेवढ्यात भाभी आठवल्या, म्हणून आणखी एक वाक्य घातले: 'शाळा समितीने श्री. टेकचंद यांचे अभिनंदन केले.' ते दयेपोटी घातले होते. दयेपोटी घातलेले वाक्य कापायचे असते, हे मी नवोदितांना नेहमी सांगतो.

भोसरी, शनिवार

दुपारी माझी एसटी कासारवाडीच्या फाट्यावर पोहोचली, तेव्हा तिथे मास्तर कोट घालून, हातात कंदील धरून उभे होते. दिवसाढवळ्या कंदील घेतलेला माणूस पाहून कंडक्टरने त्यांना पुढची जागा दिली.

भोसरी ओलांडताच गाडीखाली मोठा आवाज झाला आणि गाडी एका कुशीवर कलली. ड्रायव्हर खाली वाकून बघून आला आणि म्हणाला, "स्प्रिंगचा पाटा तुटला."

"दुसरी गाडी?" मी विचारले.

"मागवलीय," कंडक्टर म्हणाला.

"कशी मागवली? इथे फोन तर नाही."

"मागवणार हाय म्हनजे मागवल्यालीच की, राव."

मी हसलो. काल रात्री मी स्वतः काय लिहून आलो होतो ते त्या क्षणी मला आठवले नाही.

मास्तर मात्र हसले नाहीत. "सहा वाजता लोक जमतील," ते म्हणाले. "मी पोचलो नाही तर ते म्हणतील, हाही दिवाळीच्या मास्तरासारखाच."

चाकणकडे निघालेला एक सायकलवाला भेटला. त्याच्याजवळ निरोप दिला, की गाडी मोडली आहे, व्याख्यान उद्या. तो मान हलवून गेला. वाटेत मोशीला त्याची सासुरवाडी होती आणि तो तिथेच जेवायला थांबला, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळले.

मास्तर पायी निघायला तयार होते. मी म्हणालो, सडक वळसा घेते, आपण शेतातून सरळ जाऊ. दिशांचे ज्ञान हा माझा कचेरीत मान्य झालेला गुण आहे. भिंतीवरच्या नकाशात मी कुठलेही गाव बोटाने दाखवू शकतो. ज्वारी डोक्याच्या वर गेली होती. तिच्यातून आम्ही बांधाबांधाने चाललो. मधे एका शेतात चारपाच माणसे आगटीभोवती हुरडा भाजत होती. त्यांनी बोलावले. बोलावल्यावर न बसणे या भागात अपमान समजतात, असे मी मास्तरांना सांगितले. ते खरे होते, आणि मला भूकही लागली होती. गरम हुरडा, वर शेंगदाण्याची चटणी. मास्तरांनी पहिला घास संशयाने घेतला, दुसरा कुतूहलाने. तिसऱ्यानंतर ते घड्याळ बघायचे विसरले.

तिथून आणखी बरेच चाललो. शेवटी ज्वारी संपली आणि सडक लागली. सडकेवर एका कुशीवर कललेली एसटी उभी होती.

ड्रायव्हर टपावर बसून विडी ओढत होता. "जाऊन आलात?" त्याने विचारले. "लई जलद, राव!"

सूर्य कलला होता. मास्तरांनी कंदील खाली ठेवला आणि कोटाचे एक बटण उघडले. त्या माणसाला मी एवढे खचलेले पुन्हा कधी पाहिले नाही.

रात्रीसाठी आम्ही मागे भोसरीत आलो. भोसरी पैलवानांचे गाव आहे. तालमीच्या वस्तादांनी आम्हाला घोंगडी अंथरून दिली आणि दूध, बाजरीची भाकरी, ठेचा असे जेवण दिले. ठेच्याबद्दल मी एवढेच लिहीन की पुढचा काही काळ मी संभाषणात भाग घेऊ शकलो नाही. वस्तादांनी मास्तरांना व्याख्यानाचा विषय विचारला.

"उजेडाहून जलद?" ते म्हणाले. "सोपं हाय. मन! आत्ता हितं, आत्ता काशीला."

मास्तरांनी मान वर केली. "तुमचं मन चाकणला जाईल?"

"ग्येलं बी."

"मग सांगा, तिथं शाळेसमोर माणसं जमलीत का?"

"त्ये मला काय ठावं?"

"मग गेलं नाही. इथंच बसून चाकणचं चित्र काढलं त्यानं. जाणं म्हणजे तिथलं काहीतरी इकडं येणं, इकडचं तिकडं जाणं."

वस्ताद विचारात पडले. बाजूचे पैलवान त्यांना हसले. मास्तरांनी उघडलेले बटण लावले.

मी मात्र ठेच्याने आलेले पाणी डोळ्यांतून पुसत असताना गार झालो. चाकणला या घटकेला रिकाम्या जागेसमोर माणसे बसली असणार आणि पुण्यात आमचे यंत्र सुरू झाले असणार. टाळ्या, आभार, अभिनंदन, सगळे ओळीने छापून बाहेर पडत असणार. तार करावी, तर भोसरीचे पोस्ट बंद झाले होते. मास्तरांना सांगावे असे वाटले, पण तोंडाची आग होत होती आणि त्याचा मी पुरेपूर फायदा घेतला.

चाकण, रविवार

सकाळच्या पहिल्या गाडीत माणसे उभी होती. कंडक्टर म्हणाला, "मास्तर, त्या गठ्ठ्यावर टेका." मास्तर टेकले. गठ्ठा आमच्या दैनिकाचा होता.

मोशीच्या पुढे इंद्रायणीचा पूल लागला. नदीवर धुके होते. मी धुक्याचे वर्णन मनात जुळवत होतो, तेवढ्यात मास्तरांनी गठ्ठ्यातून एक अंक ओढला. आपले नाव दिसताच त्यांचा चेहरा उजळला. मग ते वाचत गेले, अक्षराला बोट लावून, मराठी वाचताना लावत तसे. वाचून झाल्यावर त्यांनी अंक मांडीवर ठेवला.

"साईं, माझं व्याख्यान कसं झालं?"

"चांगलं झालं," मी म्हणालो.

"टाळ्या पडल्या?"

"कडकडाट."

"आणि मी शेवटी काय म्हणालो? 'पण'नंतर?"

मी नदीकडे पाहिले. पूल संपला होता.

"एवढंच छापलंय की सावली प्रकाशाहून जलद," ते म्हणाले. "हे तर अर्धं आहे. अर्धं म्हणजे चूक! ज्यांनी मला ठेवायचं की नाही हे ठरवायचं, ते हे वाचणार." थोड्या वेळाने ते हळूच म्हणाले, "मोठ्या टाइपात पाहिजे, असं मीच म्हणालो होतो." त्यानंतर चाकणपर्यंत आम्ही दोघेही बोललो नाही. बोलण्यासारखे सगळे छापून झाले होते.

चाकणला उतरताच कांद्याचा वास येतो. सडकेच्या दोन्ही बाजूंना कांद्याच्या राशी, त्यांच्यामागे भुईकोटाचा ढासळता तट आणि कोरडा खंदक. शाळा धर्मशाळेत भरते. समितीचे अध्यक्ष अण्णा कांद्याचे आडते आहेत. आम्ही पायी त्यांच्या आडतीवर पोहोचलो तेव्हा गठ्ठ्यातले अंक सायकलवरून तिथे आधीच पोहोचले होते आणि मोठ्याने वाचन चालू होते.

"या या!" आमची ओळख कळताच अण्णा उठले. गोल, हसरे गृहस्थ. "पत्रकारसाहेब, माझं आभाराचं भाषण काय झकास झालंय! मला उभ्या जन्मात असं बोलता आलं नसतं."

पोत्यावर बसलेले दुसरे गृहस्थ हसले नाहीत. हे खंडूपाटील, समितीतले दुसरे वजनदार सभासद. अण्णांनी हो म्हटले आणि पाटलांनी नाही म्हटले तर गावात नाही होते, असे मला मागाहून कळले.

"काल तुमी आला न्हाई," पाटील मास्तरांना म्हणाले, "पर पेपरात येऊन ग्येला."

"पाटीलसाहेब, गाडीचा पाटा..."

"आन् टाळ्या कुनी वाजवल्या? आमी तर तिन्हीसांजेला नुसतं डास मारत बसलो हुतो."

"त्योच आवाज ग्येला आसंल पुन्याला!" मागून कोणी तरी म्हणाले, आणि आडत हसली.

पाटलांनी हात वर केला. "हसू नगा. शाळेचं काम हाय. आदला मास्तर गुमान निगून ग्येला. ह्ये मास्तर न येताच आल्याचं छापून घेत्यात. उद्या शाळंत बी असंच व्हनार. मास्तर न्हाईत, पर हजेरी लागली! आन् वर आमी अभिनंदन बी केलं म्हनं. मी कुनाचं बी अभिनंदन केल्यालं न्हाई."

मी पुढे होऊन सांगितले की चूक माझी आहे, मास्तरांनी काही छापून घेतलेले नाही, आमच्या डाक आवृत्तीची पद्धतच अशी आहे. पद्धत समजावून सांगायला बराच वेळ लागला. पुण्यात ती कधी समजवावी लागत नाही. कांद्याच्या पोत्यांमध्ये उभे राहून बोलताना ती मला स्वतःलाच पटेना.

"म्हनजे तुमी व्हायच्या आधीच झालं म्हून लिवता?" पाटलांनी विचारले.

"हो."

"समदंच?"

"पुष्कळसं."

"आन् मानसं पैसं देऊन वाचत्यात?" त्यांनी माझ्याकडे बघणे सोडून दिले. मास्तरांना म्हणाले, "आज बोला. मी ऐकतो. मग ठरवू."

दिवेलागणीला खंदकाच्या काठावर गाव जमले. काल फुकट बसावे लागलेले सगळे आज पुन्हा आले होते, शिवाय पेपर वाचलेले नवीन. अण्णांनी गॅसबत्ती आणली होती, त्यामुळे मास्तरांचा कंदील कोपऱ्यात राहिला.

मास्तर उभे राहिले. समोर भिंत नव्हती, माणसे होती. त्यांनी दोनदा घसा साफ केला आणि पहिली काही वाक्ये कोणालाच ऐकू गेली नाहीत.

"मोट्यानं!" कोणी तरी ओरडले.

मग आवाज लागला. प्रकाश एका सेकंदात पृथ्वीला सात वेळा प्रदक्षिणा घालून वर थोडा पुढे जाईल एवढा जलद आहे, असे त्यांनी सांगितले. त्याहून जलद काय असू शकते, असे विचारले.

"नजर," पाटील म्हणाले. "डोळं उघडलं की चांदनी दिसती. येळ लागतो का?"

"चांदणीचा प्रकाश कित्येक वर्षांपूर्वी निघाला, पाटीलसाहेब. चालत चालत तुमच्या दाराशी येऊन उभा होता. तुम्ही फक्त दार उघडलं."

पाटलांनी वर पाहिले आणि काही वेळ तसेच पाहत राहिले.

मास्तरांनी पाटलांना तटाच्या एका टोकाला उभे केले, अण्णांना दुसऱ्या. गॅसबत्तीसमोर हात धरून तो फिरवला. अवाढव्य सावली पाटलांवरून निघाली आणि झर्रकन अण्णांवरून गेली.

"तट चंद्राएवढा दूर असता तर ही प्रकाशाहून जलद गेली असती. पेपरात आलंय ते एवढं बरोबर आहे," मास्तर म्हणाले. "आता पाटीलसाहेब, सावली परत तुमच्याकडून अण्णांकडे जाईल. तिच्या हाती अण्णांना एक निरोप द्या."

"सावलीच्या हाती?"

"द्या ना!"

सावली आली. पाटील गोंधळले आणि ओरडले, "अण्णा, पेंड संपली रं!"

गाव हसून लोटपोट झाले. मास्तर ओरडले, "तो निरोप तोंडानं गेला! सावली काय घेऊन गेली?"

"काय बी न्हाई," पाटील म्हणाले.

"काही नाही! कारण सावली तुमच्याकडून अण्णांकडे गेलीच नाही. तुमच्यावरची सावली इथून आली, या दिव्यापासून. अण्णांवरची पण इथूनच आली. तुमच्या दोघांच्या मधे कोणी चाललं नाही. वस्तू जाईल, निरोप जाईल, बातमी जाईल, तर ती प्रकाशाहून जलद जाणार नाही."

शुक्रवारचा 'पण' हा होता. मी पेन्सिल काढून तो उतरवून घेतला.

"का नाही जाणार?" अण्णांनी तटाजवळून विचारले. "पुढंमागं एखादं यंत्र निघालं तर?"

मास्तरांनी कोटाच्या खिशातून आमचा अंक काढला. मला खाली बघण्यासारखे काहीतरी शोधावे लागले.

"बातमी प्रकाशाहून जलद पळाली, तर कुठल्या ना कुठल्या बघणाऱ्याच्या घड्याळात ती निघायच्या आधी पोचलेली दिसेल. आणि त्यानं ती तशीच उलट पाठवली तर खुद्द आपल्याकडेही आपण पाठवायच्या आधीच येईल. म्हणजे कसं? माझं व्याख्यान व्हायचं आहे, पण बातमी आली." त्यांनी अंक उंच धरला. "ही आली. यात लिहिलंय, टाळ्यांचा कडकडाट झाला. आता सांगा, माझं बोलणं संपल्यावर टाळ्या वाजवायच्या की नाही, हे कोणाच्या हातात आहे?"

"आमच्या," दोनचार जण म्हणाले.

"तुम्ही नाही वाजवल्या तर? मग ही बातमी कशाची? न झालेल्या गोष्टीचा उजेड आला कुठून? म्हणून निसर्ग असं होऊ देत नाही. तिथं आधी घडतं, मग कळतं. हे फक्त पुण्यात उलटं होतं." ते थोडे झुकले. "झालं माझं बोलून."

आणि कोणीही टाळी वाजवली नाही.

प्रथम मला वाटले, लोकांना संपल्याचे कळले नसावे. मग गॅसबत्तीच्या उजेडात चेहरे दिसले. सगळे मोठ्या कष्टाने गप्प बसले होते. कोणी हाताची घडी घातली होती, कोणी हात मांडीखाली दाबले होते. एका म्हाताऱ्याने दोन्ही हात काखेत घातले होते. पुढच्या रांगेतल्या माणसाच्या गालावर डास बसला, त्याने तो बसू दिला. एवढ्या माणसांनी एवढ्या मनापासून न वाजवलेल्या टाळ्या मी त्यापूर्वी ऐकल्या नव्हत्या.

मास्तरांना मात्र त्या सहन होत नव्हत्या. दहा वर्षांनी लाभलेले श्रोते, आणि समोर ही शांतता. ते एकदा हसले, मग हसू आवरले. अंकाची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली. पाटलांकडे बघण्याचे त्यांना धैर्य होईना.

अण्णांना शांतता झेपली नाही. ते पुढे आले आणि हात जोडून म्हणाले, "आजच्या विद्वान वक्त्यांनी गहन विषय सुगम करून आपल्या ग्रामस्थांना उपकृत..."

हे माझे वाक्य होते. त्यांनी ते तोंडपाठ केले होते.

"गप, अण्णा!" तटाजवळून पाटील गरजले. "पेपर खरा करतूस व्हय?"

अण्णांनी जोडलेले हात सोडले. पाटील खंदकाच्या काठाकाठाने उजेडात आले आणि मास्तरांसमोर उभे राहिले.

"मला समदं कळलं न्हाई," ते म्हणाले. "पर ज्ये कळलं, त्ये माझं मलाच कळलं. तुमी सांगितलं म्हून मानलं न्हाई." ते गावाकडे वळले. "अभिनंदन मी करनार न्हाई. कुनी बी करायचं न्हाई." मग मास्तरांकडे बघून म्हणाले, "उद्या शाळा धाला भरती. यस्टीच्या भरवशावर ऱ्हायचं न्हाई. आज हितंच मुक्काम करा."

मास्तरांना आधी कळलेच नाही. कळले तेव्हा त्यांनी पाटलांचा हात दोन्ही हातांत धरला आणि सिंधीत काहीतरी म्हणाले. त्याचे भाषांतर कोणी विचारले नाही.

पिंपरी, सोमवार

परतताना माझ्याकडे एक काम होते. मास्तरांची वळकटी आणि दुसरा कोट पहिल्या गाडीने चाकणला पाठवायचा, असा निरोप भाभींना द्यायचा होता. फाट्यावर उतरून पिंपरीपर्यंत टांग्याने गेलो. टांग्यात बसून मी बातमी मनात जुळवली. ती डोळ्यांदेखत घडलेली होती, कानांनी ऐकलेली होती आणि तिला साक्षीला अख्खे गाव होते. एवढी पक्की बातमी घेऊन मी नोकरीत कुठेच गेलो नव्हतो. थोडा अभिमानही वाटत होता.

भाभी टपरीवर बिस्किटांच्या बरण्या पुसत होत्या.

"भाभी, मास्तरांना जागा मिळाली!" मी म्हणालो. "काल दिवेलागणीला. मी स्वतः तिथे होतो. खंडूपाटलांनी सगळ्या गावासमोर सांगितलं."

"माहीत आहे," भाभी म्हणाल्या.

"कसं माहीत?"

"काल सकाळीच कळलं. शेजारच्या बाईंनी पेपर वाचून दाखवला. कमिटीने अभिनंदन केलं ना? साऱ्या बराकीत मिठाई वाटली."

मी सांगायचा प्रयत्न केला की काल सकाळी काहीही ठरलेले नव्हते. काल सकाळी पाटील फार रागात होते आणि जागा जवळजवळ गेली होती. भाभींनी शांतपणे ऐकून घेतले.

"पण पेपरात होतं," त्या म्हणाल्या.

वळकटी आणि कोट पाठवायचा निरोप मी दिला. त्यांनी टपरीखाली बोट दाखवले. वळकटी बांधून ठेवली होती. तिच्यावर कोट होता, इस्त्री केलेला. मग त्यांनी एक डबा उघडला. तळाशी बेसनाची एकच वडी उरली होती. ती त्यांनी माझ्या हातावर ठेवली. मी उभ्या उभ्याच खाल्ली. चवीला चांगली होती, पण कालची होती.